दाट वस्तीच्या शहरांत गुन्हे जास्त होतात, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी मोठ्या शहरात जायचं आहे. घर मध्यवर्ती दाट वस्तीत बघावं की शहराच्या कडेच्या मोकळ्या वसाहतीत, हे ठरत नाहीये. घरची मंडळी म्हणतात, ‘जिथे गर्दी तिथे गुन्हे.’ त्यात तथ्य किती?

घरच्यांच्या काळजीशी माझा वाद नाही, पण त्यांनी धरलेलं कारण टिकत नाही. माणसं दाटीने राहतात म्हणून गुन्हे वाढतात, असं दाखवता आलेलं नाही. दाटीमुळे कोणते गुन्हे कुठे घडतात ते बदलतं, आणि त्याहून जास्त बदलतं ते आपल्याला काय दिसतं आणि कशाची धास्ती वाटते ते. या दोन गोष्टी एकत्र कालवल्या की ‘गर्दी म्हणजे गुन्हे’ असं वाक्य तयार होतं.

आधी ढोबळ आकडे. टोकियोच्या मध्यवर्ती २३ विभागांत दर चौरस किलोमीटरला पंधरा हजारांच्या आसपास माणसं राहतात आणि जपानमध्ये खुनांचं प्रमाण वर्षाला लाखामागे एकापेक्षाही बरंच कमी असतं. हाँगकाँग आणि सिंगापूरही त्याच माळेतली. सिंगापुरात तर बहुसंख्य कुटुंबं सरकारने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात आणि ते शहर जगातल्या सर्वांत निर्धोक शहरांत गणलं जातं. आता अमेरिकेतलं सेंट लुईस घ्या. १९५० साली तिथे साडेआठ लाखांच्या वर लोक होते; २०२० साली उरले तीन लाख. चौरस किलोमीटरला दोन हजारही नाहीत. आणि त्याच २०२० साली तिथे २६०हून अधिक खून झाले, म्हणजे लाखामागे पंच्याऐंशीच्या वर. हे शहर गर्दीने बिघडलं नाही, माणसं निघून जाऊन ओस पडलं.

यावर कोणीही म्हणेल की जपानची गोष्टच वेगळी. बरोबर आहे. कायदे, बंदुका, उत्पन्न, पोलीस हे सगळंच वेगळं असताना दोन देशांतली शहरं शेजारी ठेवून फारसं काही सिद्ध होत नाही. शिवाय सेंट लुईसच्या आकड्यात एक मेख आहे. १८७६ साली ते शहर भोवतालच्या काउंटीपासून, म्हणजे तिथल्या जिल्ह्यापासून, कायद्याने वेगळं झालं आणि त्याची हद्द तिथेच गोठली. त्यामुळे खाऊनपिऊन सुखी उपनगरं हद्दीबाहेर, आणि सगळ्यात गांजलेले भाग हद्दीच्या आत. उद्या ही हद्द दहा किलोमीटर बाहेर सरकवली, तर एकही खून कमी न होता हाच दर धाडकन खाली येईल. ‘जगातली सर्वांत धोकादायक पन्नास शहरं’ छापाच्या याद्या मी गंभीरपणे घेत नाही, त्याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं म्हणजे यातल्या काही याद्या गुन्ह्यांच्या नोंदींवर नाही, तर संकेतस्थळावर येणाऱ्या लोकांनी भरलेल्या मतांवर बेतलेल्या असतात. भीतीचं मोजमाप करायचं आणि वर लेबल लावायचं ‘गुन्हेगारी निर्देशांक’!

म्हणून तुलना करायचीच तर एका शहराची त्याच्याच जुन्या दिवसांशी करावी. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२४५ खून झाले. २०१७ साली २९२. दरम्यान लोकसंख्या घटली का? नाही, १९९०ची ७३ लाखांची वस्ती २०२०च्या जनगणनेत ८८ लाखांवर गेली. तेवढ्याच जमिनीवर पंधरा लाख माणसं वाढली आणि खून जवळपास आठव्या हिश्शावर आले. ही घट पोलिसांमुळे झाली, अमली पदार्थांची साथ ओसरल्यामुळे, की आणखी कशामुळे, यावर अभ्यासक अजून हमरीतुमरीवर येतात. पण दाटी कमी झाली म्हणून गुन्हे कमी झाले, असं मात्र कोणालाही म्हणता येत नाही.

घरच्यांच्या म्हणण्यात जे तथ्य आहे ते शहराच्या आकारात आहे. २००७ साली लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरांच्या आकडेवारीचा मोठा पट मांडला. अमेरिकेतल्या शहरांबाबत त्यांना दिसलं की लोकसंख्या दुप्पट झाली की गंभीर गुन्हे दुपटीहून थोडे जास्त होतात. माणशी हिशोब केला तर दहा-बारा टक्क्यांची वाढ. गंमत म्हणजे पगार आणि पेटंट यांचंही तसंच, तेही माणशी वाढतात. मोठ्या शहरात माणसं एकमेकांना जास्त भेटतात. त्या भेटींतून धंदे उभे राहतात, शोध लागतात, लग्नं जमतात आणि खिसेही कापले जातात. नोकरीसाठी तुम्ही ज्या कारणाने तिकडे निघाला आहात, त्याच कारणाने पाकीटमारही तिकडे जातो. पण ही वाढ लोकसंख्येच्या आकाराशी जोडलेली आहे, एका चौकोनात किती माणसं कोंबली आहेत याच्याशी नाही.

दाटी नेमकं काय करते हे समजायला १९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी मांडलेला विचार पुरतो. गुन्हा व्हायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात: करायला तयार असलेला माणूस, हाती लागण्याजोगं सावज, आणि अडवणाऱ्याचा अभाव. गर्दी दुसरी गोष्ट वाढवते आणि त्याच वेळी तिसरी कमी करते. म्हणून फलाटावरच्या रेटारेटीत मोबाइल जातो, पण तिथे कोणी घर फोडत नाही. घरफोडीला सवड लागते, आडोसा लागतो, शेजारी बाहेरगावी असावे लागतात. गर्दीतले गुन्हे बहुतेक छोटे, संख्येने भरपूर आणि सगळ्यांच्या कानावर जाणारे. एकांतातले गुन्हे कमी, पण जिवावर बेतणारे. नुसती बेरीज केली की दहा पाकिटं एका दरोड्यापेक्षा भारी ठरतात.

भागाकारातही घोळ असतो. व्हॅटिकनचे रहिवासी हजारभरही नाहीत आणि वर्षाला येणारे पर्यटक पन्नास लाखांहून जास्त. तिथल्या पाकीटमारीला रहिवाशांच्या संख्येने भागलं की कागदावर ते जगातलं सर्वांत गुन्हेगारीग्रस्त राष्ट्र ठरतं. तुमच्या शहराच्या व्यापारी भागाचंही छोट्या प्रमाणात हेच होत असतं: गुन्हे दिवसभर येणाऱ्या लाखोंवर घडतात आणि दर काढला जातो रात्री तिथे झोपणाऱ्या काही हजारांवर.

आता ‘गर्दीत कोणी कोणाचं नसतं’ या समजाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या भीतीचं मूळ इथे आहे. १३ मार्च १९६४च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोवीज या तरुणीचा खून झाला. दोन आठवड्यांनी एका मोठ्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापलं की ३८ लोक खिडक्यांतून हे पाहत राहिले आणि कोणीही पोलिसांना बोलावलं नाही. ती बातमी जगभर गेली. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिरली. ‘बघे जितके जास्त तितकी मदत कमी’ हा सिद्धान्त आणि १९६८मधले बिब लाताने आणि जॉन डार्ली यांचे प्रसिद्ध प्रयोग या घटनेतूनच सुरू झाले. पुढे कळलं की ३८चा आकडा फुगवलेला होता. बहुतेकांनी काही पाहिलं नव्हतं, अर्धवट झोपेत नुसता आवाज ऐकला होता. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला आधी पळवून लावलं होतं. आणि एक शेजारीण खाली धावत आली होती. शेवटच्या क्षणी किटी तिच्या हातांत होती. ज्या वृत्तपत्राने ही बातमी दिली होती, त्यानेच पुढे तिच्यातल्या चुका मान्य केल्या. पण तोवर मोठं शहर निर्दयी असतं हे पन्नास वर्षं शिकवून झालं होतं.

२०१९ साली संशोधकांनी हाच प्रश्न प्रयोगशाळेऐवजी रस्त्यावर नेला. नेदरलँड्समधलं अ‍ॅमस्टरडॅम, इंग्लंडमधलं लँकेस्टर आणि दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन, या तीन शहरांतल्या सार्वजनिक कॅमेऱ्यांत टिपलेल्या २१९ भांडणांचं आणि हाणामाऱ्यांचं चित्रीकरण त्यांनी तपासलं. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक तरी त्रयस्थ मध्ये पडला होता. कोणी हात धरला, कोणी दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, कोणी मार खाल्लेल्याला बाजूला नेलं. आणि बघे जितके जास्त, तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त! प्रयोगशाळेत ‘एकेकट्या माणसाचा’ पुढाकार मोजला जात होता, तो गर्दीत कमी होत असेलही. पण मार खाणाऱ्याला अमुकच माणूस यायला नको असतो, कोणीही एक आला तरी चालतो. या अभ्यासातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. केप टाउन तिघांतलं सर्वांत असुरक्षित समजलं जाणारं शहर. तरी मध्ये पडणाऱ्यांचं प्रमाण तिन्ही शहरांत साधारण सारखंच निघालं.

उलट बाजूही आपल्याला पाहायला मिळाली, महासाथीच्या टाळेबंदीत. रस्ते रिकामे झाले, नोंदलेले गुन्हे उतरले, आणि लोक म्हणाले, बघा, गर्दी गेली तर गुन्हे गेले. पण न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या दोन अर्थतज्ज्ञांनी लोक घराबाहेर किती वेळ होते तेही हिशोबात घेतलं. तेव्हा चित्र पालटलं. जे थोडे लोक बाहेर पडत होते, त्यांना लुटलं जाण्याचा किंवा मारहाण होण्याचा धोका आधीपेक्षा वाढला होता. निर्मनुष्य रस्त्यावर एकूण गुन्हे कमी होतात ते सावजं कमी असतात म्हणून. तुम्ही स्वतः ते सावज असाल, तर त्या घटीचा तुम्हाला काय उपयोग?

आणखी एक नाव या चर्चेत हमखास निघतं: सेंट लुईसमधलाच प्रुइट-आयगो हा गृहप्रकल्प. अकरा मजली ३३ इमारती, १९५४ साली लोक राहायला आले आणि १९७२ साली त्या सुरुंगाने पाडायला सुरुवात झाली. ‘उंच इमारतींत माणसं कोंबली की हेच होणार’ असं सांगताना हे उदाहरण हटकून दिलं जातं. मला ते उलट वाचावंसं वाटतं. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबतच नव्हती; पैसे वाचवायला ती पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबेल अशी ठेवली होती. म्हणजे उरलेल्यांना अंधाऱ्या जिन्यांतून जाणं भाग. देखभाल भाड्याच्या पैशातून व्हायची. शहरातूनच माणसं निघून जात होती, घरं रिकामी राहू लागली, भाडं आटलं, नळ फुटलेले तसेच, दिवे गेलेले तसेच, आणि मग आणखी लोक निघून गेले. तिथली दहशत कळसाला पोचली ती इमारती भरलेल्या असताना नव्हे, बऱ्याचशा ओस पडल्यावर. सिंगापूरच्या इमारती याहून उंच आहेत. तिथल्या लिफ्ट चालतात आणि घरं भरलेली आहेत.

तर मग शहराकडे बघायचं कसं? शहर म्हणून बघूच नका. १९८९ साली लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनीआपोलिस शहरात पोलिसांना आलेले फोन पत्त्यांवर मांडले. निम्म्याहून अधिक फोन शहरातल्या अवघ्या तीन टक्के पत्त्यांवरून किंवा पत्त्यांसाठी आलेले होते. डेव्हिड वाइसबर्ड यांनी पुढे अनेक शहरांत हेच तपासलं आणि चित्र पुन्हा पुन्हा तसंच आलं: रस्त्यांचे चार-पाच टक्के तुकडे निम्मे गुन्हे पदरात घेतात. ‘वाईट भाग’ म्हणून बदनाम झालेल्या वस्तीतल्याही बहुतेक गल्ल्यांत वर्षभर काही घडत नाही. एखादा बार, एखादा पडका गोदाम-पट्टा, एखादं बसस्थानकाचं मागचं तोंड, एवढ्यावर अख्ख्या भागाचं नाव जातं.

राहिली भीती. ती गुन्ह्यांच्या मागोमाग चालत नाही. अमेरिकेत १९९३नंतर हिंसक गुन्ह्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला, तरी गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत त्यानंतरच्या बहुतेक वर्षी बहुसंख्य लोक सांगत राहिले की देशात गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढलेत. ‘तुमच्या भागात?’ असं विचारलं की मात्र तसं म्हणणारे बरेच कमी होतात. जे रोज बघतो त्याचं भय कमी, जे बातम्यांत बघतो त्याचं जास्त.

शिकागोत रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडनबुश यांनी गाडीतून सावकाश फिरत हजारो रस्त्यांचं चित्रीकरण करून घेतलं आणि कचरा, भिंतीवरची रंगरंगोटी, उघड्यावर दारू पिणं असं सगळं मोजलं. मग रहिवाशांना विचारलं, तुमच्याकडे बजबजपुरी कितपत आहे? २००४ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. प्रत्यक्ष मोजलेली अव्यवस्था सारखी असली, तरी ज्या वस्तीत कृष्णवर्णीय आणि गरीब लोकांचं प्रमाण जास्त, तिथे लोकांना ती जास्त ‘दिसत’ होती. आणि ज्यांना ती अशी दिसत होती ते फक्त गोरे नव्हते, स्वतः कृष्णवर्णीय रहिवासीही त्यात होते. तेव्हा कोणी तुम्हाला ‘तो भाग बरा नाही’ असं सांगितलं, तर ते तिथल्या गुन्ह्यांबद्दल बोलतायत की तिथल्या माणसांबद्दल, हे एकदा स्पष्टच विचारून घ्या. बऱ्याचदा समोरचा अडखळतो.

भीतीचा पत्ताही चुकलेला असतो. स्त्रियांना लहानपणापासून बाहेरच्या अंधाराची, अनोळखी पुरुषाची धास्ती शिकवली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाचा अंदाज असा की २०१७ साली जगात ८७ हजार स्त्रियांचे खून झाले आणि त्यांतल्या जवळपास ५० हजार स्त्रियांना मारणारा जोडीदार किंवा घरातलाच कोणी होता. याचा अर्थ बाहेरची भीती खोटी असा मी अजिबात काढत नाही. रस्त्यावरची शेरेबाजी, पाठलाग, नको ते स्पर्श यांतलं फार थोडं पोलिसांच्या वहीत जातं, आणि त्या गोष्टी बाईचं हिंडणंफिरणं नक्कीच आवळतात. घर घेताना घरातल्या बायकांना विचारा, एवढंच नाही, त्यांचं मत जरा जास्त धरा.

दाट की मोकळं, हा प्रश्न मी तुमच्या जागी असतो तर बाजूला ठेवला असता. रात्री अकराच्या सुमारास थांब्यापासून त्या घरापर्यंत पायी जा. तळमजल्यांवर दारं-खिडक्या आहेत की नुसत्या लांबच लांब कुंपणभिंती? त्या वेळी रस्त्यावर वेगवेगळ्या वयाची माणसं आहेत का, बायका एकट्या चालताना दिसतात का? दिवे लागलेत का? रिकाम्या पडीक जागा किती, आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष देतं का? ही शेवटची बाब किरकोळ समजू नका. फिलाडेल्फियात पडीक जागा साफ करून गवत, चार झाडं आणि बुटकं कुंपण लावण्याचा रीतसर प्रयोग झाला. कोणत्या जागा सुधारायच्या ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. २०१८ साली आलेल्या निष्कर्षांत गरीब वस्त्यांमधला बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि आसपासच्या लोकांची भीतीही उतरली. तिथली दाटी होती तेवढीच राहिली.

इमारतीत कोणाला तरी विचारा, की पोरं टवाळकी करत असली तर इथे कोणी टोकतं का. प्रश्न बाळबोध वाटेल. पण १९९७ साली सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांमध्ये साधारण याच धर्तीचे प्रश्न विचारले होते, आणि जिथे लोक एकमेकांवर विश्वास ठेवून मध्ये बोलतात तिथे हिंसाचार कमी आढळला. गरिबीचा फरक हिशोबातून वगळल्यावरही.

आणि कडेच्या वसाहतीकडे मन झुकत असेल तर रोजच्या प्रवासाचा विचार जरूर करा. २०१३ साली अमेरिकेतल्या सर्व काउंट्यांमधले इजांमुळे झालेले मृत्यू तपासले गेले. शहरांत खून जास्त होते, तरी अपघात, खून वगैरे सगळं मिळून जीव जाण्याचा धोका सर्वांत ग्रामीण भागात सर्वांत शहरी भागापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी जास्त निघाला, आणि त्यात मोठा वाटा वाहनांचा होता. तुमच्या घरच्यांच्या यादीत चोर असेल, भरधाव गाडी बहुधा नसेल. तिथून कामावर जायला रोज हमरस्त्यावरून तासभर गाडी हाकावी लागणार असेल, तर मी मध्यवर्ती घराकडे झुकेन आणि मोबाइल आतल्या खिशात ठेवेन.